नळाला निधी, झऱ्याला काय?

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या गावात पाण्याच्या टाक्या किती आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे का? महाराष्ट्राच्या पठारावरच्या कुठल्याही जुन्या गावात गेलात, तर बहुधा एकापेक्षा जास्त सापडतील. एक शाळेच्या मागे, तिच्यात शेवटचे पाणी कधी चढले हे कुणाला सांगता येत नाही. दुसरी ग्रामपंचायतीजवळ, ती दिवाळीपर्यंत चालते. तिसरी नव्याने रंगवलेली, तिच्यावर योजनेचे नाव आणि खर्चाचा आकडा ठळक अक्षरांत लिहिलेला. शिवाय पारापाशी एक गंजलेला हापसा असतो आणि जुन्या गावठाणात कचऱ्याने भरलेला एक आड. गावाच्या पाण्यावर आजवर झालेल्या सार्वजनिक खर्चाचा हा उघडा ताळेबंदच म्हणायचा.

मार्च उजाडला, की याच गावातून टँकरचा प्रस्ताव तहसील कचेरीत जातो. पैसा आला नाही, असे म्हणायची सोय नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या नावाने तो आलेला आहे. मग पाणी का टिकले नाही? पाऊस कमी झाला, लोकसंख्या वाढली, ठेकेदाराने काम नीट केले नाही, अशी उत्तरे आपण ऐकतो. त्यांत तथ्य आहेच. पण पावसाळा चांगला झालेल्या वर्षीही, काम चोख झालेल्या गावातही टाकी रिकामी राहते, त्याचे कारण वेगळे आहे. सरकारी भाषेत योजनेची विहीर जिथे असते त्या जागेला ‘उद्भव’ म्हणतात. आपण टाकी, वाहिनी आणि नळ यांच्यासाठी भांडलो, निधी आणला. उद्भवातले पाणी राखण्यासाठी मात्र ना पुरेसा पैसा ठेवला, ना असलेला कायदा पाळला. त्यामुळे त्याच पाण्यासाठी आपण पुन्हा पुन्हा पैसे मोजत आहोत.

थोडे मागे जाऊ. १९७२ चा दुष्काळ हा आपल्या पाण्याच्या इतिहासातला मोठा टप्पा. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. त्या सुमारास कातळात वेगाने भोक पाडणारी यंत्रे युनिसेफच्या मदतीने देशात येऊ लागली होती. गावोगाव विंधन विहिरी घेतल्या गेल्या, त्यांवर हापसे बसले. पुढे ‘इंडिया मार्क टू’ या नावाने जगभर गेलेल्या हातपंपाची मुळे आपल्या जालना आणि सोलापूर भागातल्या मिशनच्या लोकांनी घडवलेल्या पंपांत आहेत, ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. हापशाने लाखो बायकांची पायपीट कमी केली. त्याच्यात एक गुणही होता. हाताच्या बळाने निघेल तेवढेच पाणी निघे, उपशाला आपोआप लगाम होता.

पुढे तेच यंत्र शेतात आले. पाण्यात बुडून चालणारा विजेचा पंप आला, रात्री-बेरात्री वीज आली की आपोआप सुरू होणारा स्टार्टर आला आणि तो लगाम गेला. आज पाचशे, सातशे फुटांचे बोअर ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गावाचा हापसा मात्र पूर्वीच्याच खोलीवर राहिला. पहिल्यांदा कोरडा तोच पडला.

मग नळयोजनांचे पर्व आले. पूर्वी माणशी रोज ४० लिटर हे प्रमाण धरले जाई. २००० साली राज्याने लोकांच्या मागणीवर आणि सहभागावर आधारलेले धोरण स्वीकारले. २००२ मध्ये केंद्राची स्वजलधारा आली, २००३ मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने जलस्वराज्य प्रकल्प सुरू झाला. गावाने खर्चाचा काही वाटा उचलावा, समितीने योजना चालवावी, ही कल्पना तेव्हा रुजली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे उद्दिष्ट ठरले. त्या वेळी देशातल्या सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. मूळ मुदत २०२४ ची होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. हे काम लहान नाही आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारणही नाही.

या सगळ्या काळात जी सार्वजनिक चर्चा झाली, ती एका प्रश्नाभोवती फिरत राहिली: पैसा कुणी द्यायचा? एक बाजू म्हणते, पाणी हा जगण्याचा हक्क आहे. गरिबाच्या घागरीवर पट्टी कसली लावता? दुसरी बाजू म्हणते, फुकटच्या वस्तूची कुणाला कदर नसते. गावाने दहा टक्के भरले, की योजना आपली वाटते. जलजीवनच्या मार्गदर्शक सूचनांतही गावांतर्गत कामांसाठी दहा टक्के आणि डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती अधिक असलेल्या गावांसाठी पाच टक्के लोकवाटा धरला आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात दम आहे. पण दोघांचाही वाद टाकीपाशीच संपतो. टाकीत पाणी येणार कुठून आणि ते पुढच्या वर्षी असेल का, यावर दोन्हीकडे शांतता असते.

ही शांतता आकड्यांतही दिसते. जलजीवन मिशनचा मूळ अंदाजित खर्च ३ लाख ६० हजार कोटी रुपयांचा. त्याच वर्षी, २५ डिसेंबर २०१९ रोजी, भूजल गावाने सांभाळावे म्हणून अटल भूजल योजना जाहीर झाली. तिचा आराखडा ६ हजार कोटींचा, त्यातला निम्मा जागतिक बँकेच्या कर्जाचा. म्हणजे नळाला साठ रुपये, तर भूजलाला एक. आता ही तुलना अगदी तंतोतंत नाही, हेही सांगायला हवे. अटल भूजल योजना महाराष्ट्रासह सातच राज्यांतल्या निवडक गावांसाठी होती. उद्भव बळकट करण्याची कामे रोजगार हमीतून आणि वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करावीत, अशी जलजीवनमध्ये अपेक्षा होतीच. पण अपेक्षा आणि तरतूद यांत फरक असतो. टाकीचे अंदाजपत्रक असते, निविदा असते, उद्‌घाटन असते. भूजलाचे यातले काहीच नसते.

भूजल हे नेमके असते तरी कसे? आपल्या पायाखाली पाताळगंगा नावाची न संपणारी नदी वाहते, अशी एक समजूत आहे. पाणाड्याने नारळ हातावर धरून जागा दाखवावी आणि तिथे ती नदी लागावी, या आशेवर कितीतरी कुटुंबे कर्जात बुडाली. वस्तुस्थिती अशी, की राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला खडक आणि काही भेगा, एवढ्याच जागेत पाणी साठते. खाली घट्ट कातळ. वाळूच्या प्रदेशात जमीन स्पंजासारखी पाणी धरते, इथे ती फार तर एक ते तीन टक्के धरते. दोन टक्के धरून हिशेब केला, तर एक हेक्टर शिवारातली पातळी एक मीटरने खाली जाते तेव्हा हाती लागतात फक्त २ लाख लिटर. आपली तिजोरी उथळ आहे. दर पावसाळ्यात ती भरते आणि उपसा बेताल असला, की संक्रांतीच्या आतच रिती होते. खोल बोअर मारल्याने तिजोरी मोठी होत नाही. उलट वरच्या थरातले पाणी त्याच भोकातून खालच्या भेगांत उतरते आणि शेजारच्या विहिरी आटतात. खोलवरचे पाणी नेहमी पिण्याजोगे असतेच असेही नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना फ्लोराईडचा त्रास भोगावा लागला आहे.

आता एका गावाचा हिशेब मांडून पाहू. समजा, लोकसंख्या १५००, शिवार १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे अवर्षणग्रस्तच गाव. माणशी ५५ लिटरप्रमाणे गावाला रोज ८२ हजार ५०० लिटर पाणी लागेल, वर्षाला साधारण ३ कोटी लिटर. पाचशे जनावरांसाठी आणखी १ कोटी धरा. एकूण ४ कोटी. त्या शिवारावर पडणारा पाऊस मात्र ५०० कोटी लिटर. त्यातला बराचसा वाहून जातो, उडून जातो, पिके पितात. आठ टक्केच जमिनीत मुरला असे धरले, तरी ४० कोटी लिटर भूजल तयार झाले. माणसांची आणि गुरांची गरज त्याच्या एक दशांश!

दुसऱ्या बाजूने पाहा. पाटपाण्यासारखे मोकळे पाणी दिले, तर एक हेक्टर उसाला वर्षाला किमान दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे या पंधराशे माणसांचे वर्षभराचे पाणी आणि पावणेचार एकर ऊस यांचा हिशेब सारखा भरतो. गावात पाणी नाही, हे वाक्य म्हणून सहसा खरे नसते. गावात पिण्यासाठी राखून ठेवलेले पाणी नाही, हे खरे असते. देशाचे चित्रही याहून वेगळे नाही. भारत जगात सर्वांत जास्त भूजल उपसतो, वर्षाला सुमारे २४० ते २५० अब्ज घनमीटर, आणि त्यातले ८७ टक्क्यांच्या आसपास शेतीला जाते. गावांच्या पिण्याच्या पाण्याची मदार मुख्यतः याच भूजलावर आहे. सगळ्यांत लहान वाटा ज्याचा, त्याचाच घसा उन्हाळ्यात कोरडा पडतो.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे अशी धारणा चालत आली, की जमीन ज्याची त्याचे तिच्याखालचे पाणी. दोन बैलांच्या मोटेने पाणी निघत होते, तोवर या धारणेने कुणाचे फारसे बिघडले नाही. विजेच्या पंपाने ते बिघडले. म्हणून महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायची नाही आणि टंचाईच्या काळात आसपासच्या विहिरींचा उपसा जिल्हाधिकारी थांबवू शकतील, असे त्यात होते. त्यानंतर २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन कायदा आला. तो १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, विहिरींची आणि बोअर मारणाऱ्या यंत्रांची नोंदणी आहे, पाणलोटनिहाय समित्या आहेत, उपलब्ध पाण्यानुसार पीक नियोजन आहे. त्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा बरीचशी चर्चा नोंदणी आणि कर यांवरच झाली.

पाचशे मीटरचा नियम तीस वर्षांहून जुना आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो आपल्या गावात पाळला गेलेला पाहिला? कारण शोधायला दूर जायला नको. तक्रार कुणी करायची? ज्याने बोअर घेतला तो कुणाचा भावबंद असतो, कुणाचा मतदार असतो, कुणाचा सावकारही असतो. सरपंचाने तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा आणि संध्याकाळी त्याच माणसाशेजारी भजनाला बसायचे! वरून येणारी मनाई गावात एकटी उभी राहू शकत नाही. तिला गावाच्या संमतीचा आधार लागतो, आणि ती संमती मिळवण्यासाठी कुठल्या योजनेत पैसा नसतो की वेळ नसतो.

उलट, सरकारचाच पैसा दोन विरुद्ध दिशांना जातो. २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज देणारी योजना आणली, त्यापोटी दरवर्षी हजारो कोटी रुपये सरकार भरणार आहे. गावाच्या पाणीयोजनेला मात्र विजेचे बिल येते, ते थकले की जोड तुटते. पाणी उपसणारा खासगी पंप फुकट चालतो आणि पिण्याचे पाणी चढवणारा सार्वजनिक पंप थकबाकीत बंद पडतो. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी अनुदान सुरू झाले. पण ठिकठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे आणि वाफ होऊ द्यायचे, याला जलसंधारण म्हणता येईल का? मग उन्हाळ्यात सार्वजनिक विहीर आटली, की प्रशासन खासगी विहीर अधिग्रहित करते, मालकाला मोबदला देते आणि टँकर भरते. गावाखालचेच पाणी गावालाच विकत मिळते.

याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्याने सार्वजनिक पाणवठ्यावर प्रत्येकाचा हक्क आहे हे ठणकावून सांगितले. पण सार्वजनिक पाणवठाच कोरडा पडला, तर तो हक्क बजावायचा कुठे? ज्याच्या शेतात सहाशे फुटांचा बोअर आहे, त्याच्या घरी मे महिन्यातही पाणी असते. भूमिहीन, दलित वस्ती, पारधी वस्ती, ऊसतोडीहून परत आलेली कुटुंबे यांच्याकडे स्वतःचा बोअर नसतो. त्यांची सारी भिस्त सार्वजनिक विहिरीवर. कुणीही कसलाही ठराव न करता सामायिक पाणी खासगी होत जाते आणि त्याची किंमत जारच्या पाण्यात, बुडालेल्या मजुरीत आणि शाळा चुकलेल्या मुलींच्या घागरींत मोजली जाते.

शेतकऱ्याची बाजूही ऐकलीच पाहिजे. तो म्हणतो, धरणाचे पाणी माझ्या वाट्याला आले नाही, कालवा माझ्या शिवाराला शिवला नाही. सरकारने मला जे दिले नाही ते मी स्वतःच्या कर्जाने जमिनीतून काढले. पाचांतले तीन बोअर कोरडे गेले, तेव्हा कुणी विचारायला आले नाही. आता पाणी लागले तर मोजायला येता? हे म्हणणे खोटे नाही. कोरडवाहू ज्वारी, तूर, मटकी यांना भरवशाचा भाव नाही आणि उसाला कारखाना आहे, अशा व्यवस्थेत त्याने ऊस लावला तर त्याला एकट्याला दोषी कसे धरायचे? शहराकडे बोट दाखवून तो विचारतो, की तिथे माणशी १३५ लिटरचे प्रमाण आणि आम्हाला ५५, वरून काटकसरीचे धडेही आम्हालाच? या प्रश्नाला शहरातल्या श्रोत्यांनी प्रामाणिक उत्तर द्यायला हवे.

म्हणूनच नुसती बंदी पुरणार नाही. पाणी राखणाऱ्याला राखण्याचा मोबदला मिळाला पाहिजे. पिण्याच्या विहिरीभोवतालच्या पाचशे मीटरच्या आत ज्यांची शेते आहेत, त्यांनी उन्हाळी पीक सोडले तर त्याची भरपाई द्या. टँकरवर आणि अधिग्रहणावर जाणारा पैसा मे महिन्यात खर्च करण्याऐवजी ऑक्टोबरमध्ये हे करण्यासाठी का वापरू नये? ठिबकचे अनुदान द्या, पण त्यातून वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढणार नाही, अशी अट घाला. तूर-ज्वारीची खरेदी वेळेवर करा. पाणी वाचवण्याचा उपदेश शेतकऱ्याला पुष्कळ झाला, आता त्याचा हिशेब जुळवून द्यायची वेळ आहे.

हे होऊ शकते, याचे दाखले आपल्याच मातीत आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठेवता कुटुंबातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनालाही त्यात हक्क दिला आणि उसासारख्या पिकाला मनाई केली. योजनेचा काही खर्च सभासदांनी स्वतः उचलला. पैसा भरणे आणि नियम पाळणे या दोन गोष्टी तिथे एकाच करारात बांधलेल्या होत्या. आपल्या आजच्या योजनांत नेमकी हीच गाठ सुटलेली आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातले, हिवरे बाजार सर्वांना माहीत आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तिथे जलसंधारणाची कामे झाली, हे सगळे सांगतात. पण चर खोदणे आणि बंधारे घालणे अनेक गावांनी केले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, असे नियम केले. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसे आणि गुरे यांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बीचे पीक ठरवायचे, ही शिस्त लावली. पाऊस कमी, तर पेरा कमी. सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादनेही पुण्याच्या अॅक्वाडॅम संस्थेच्या मदतीने आपल्या खडकाचा अभ्यास समजून घेतला आणि बोअर न घेण्याचा निर्णय गावाने मिळून केला. दोन्ही गावांनी मुरवलेल्या पाण्यावर पहारा बसवला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बांधबंदिस्ती करून पाणी शिवारात मुरवण्याचा आग्रह धरला होता. मुरवण्याचा धडा आपण उशिरा का होईना गिरवला, राखण्याचा अजून गिरवायचा आहे.

प्रत्येक गावात पोपटराव कुठून आणायचे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो योग्य आहे. म्हणूनच चांगल्या माणसावर अवलंबून न राहणारी साधी व्यवस्था हवी. भूजल यंत्रणा राज्यात साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबरच्या नोंदीवरून पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज बांधता येतो. हा आकडा अहवालात न अडकता रब्बीच्या पेरणीआधी, २ ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या ग्रामसभेत फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. गावाच्या पिण्याच्या विहिरीची पातळीही दर महिन्याला दोरी सोडून कुणालाही मोजता येते. त्याला ना अभियंता लागतो ना निधी.

दुसरे, नव्या योजनेच्या अंदाजपत्रकात उद्भवाच्या रक्षणासाठी ठरावीक हिस्सा वेगळा दाखवावा आणि तो दुसरीकडे वळवता येऊ नये. विहिरीची क्षमता हिवाळ्यात तपासून कागद रंगवण्यापेक्षा ती उन्हाळ्यात तपासावी. पाचशे मीटरचे वर्तुळ गावनकाशावर आखून ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे, म्हणजे कायदा निदान डोळ्यांना तरी दिसेल.

तिसरे, पाणीपट्टी. ती भरली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पट्टी भरणाऱ्याला विचारण्याचा हक्कही मिळाला पाहिजे: माझ्या पैशातून वीजबिल किती गेले, दुरुस्तीला किती गेले आणि विहीर राखायला किती? समितीतल्या निम्म्या जागा महिलांना, ही तरतूद कागदावर आहे. घागर ज्यांच्या डोक्यावर असते त्यांना विहिरीचे पाणी कधी खाली गेले हे सर्वांआधी कळते. त्यांचे ऐकले, तर टँकरचा प्रस्ताव लिहिण्याची वेळ कदाचित येणार नाही.

यापुढे गावात पाण्याच्या योजनेची चर्चा होईल. किती कोटींची, किती किलोमीटर वाहिनी, किती लिटरची टाकी, हे आकडे सांगितले जातील. ते ऐकून घ्या आणि मग एकच प्रश्न विचारा: पुढच्या मे महिन्यात या विहिरीत पाणी असावे म्हणून कोण काय सोडणार आहे आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार आहे? या प्रश्नाचे उत्तर ठरावात लिहिले गेले, तर ती योजना टिकेल. उत्तर नसेल, तर दहा वर्षांनी त्याच गावात चौथ्या टाकीसाठी जागा शोधावी लागेल.